स्पिटफायर उतरले, कापूस चढला

धोबीतलावाकडून गिरगावच्या दिशेने निघालेल्या माणसास सेंट झेवियर्स हायस्कुलाची जुनी इमारत ओलांडूनच पुढे जावे लागते, आणि त्या शाळेच्या आवारात एका जहाजाच्या पंख्याचा एक ओबडधोबड तुकडा जपून ठेवलेला आहे हे तिथे शिकून गेलेल्या पिढ्यांना ठाऊक आहे. बाकीच्या मुंबईस बहुधा नाही. जहाजाचा पंखा पाण्याखाली फिरावयाचा, तो शाळेच्या आवारात कसा यावा, असा प्रश्न एखाद्या चौकस पोरास पडला, तर त्याचे उत्तर एवढेच, की तो तुकडा हवेतून आला. शुक्रवार, दिनांक १४ एप्रिल १९४४ रोजी तिसऱ्या प्रहरी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे एक व्यापारी जहाज फुटले, आणि त्या गोदीतील लोखंड, कापूस, लाकूड, सोने व माणसे या साऱ्यांची शहरावर एकच वृष्टी झाली. गोदीचा स्फोट म्हणून मुंबईकर ज्या घटनेचा आजही उल्लेख करतात ती हीच. स्फोट सर्वांस माहीत आहे. परंतु जे जहाज फुटले ते कोठून, कशासाठी आणि काय घेऊन आले होते, ही हकीगत मात्र सांगणाऱ्यांच्या घाईत नेहमी मागे पडते. वास्तविक स्फोटाचे कारण त्या प्रवासातच दडलेले आहे.

दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजाच्या वाट्यास लढाऊ विमाने वाहण्याचे जे विलक्षण कर्तव्य आले, त्याचा आरंभ १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला तेव्हा झाला. बोर्दोजवळच्या विमानतळावरून उडणारी जर्मनांची चार इंजिनांची 'काँडोर' विमाने अटलांटिक महासागरात दूरवर जाऊन जहाजांच्या काफिल्यांवर बाँब टाकू लागली व पाणबुड्यांना त्यांचा ठावठिकाणा कळवू लागली. आणि विमानवाहू नौका पुरेशा नसल्यामुळे इंग्रजांनी यावर असा तोडगा काढला, की धान्य किंवा कोळसा वाहणाऱ्या साध्या मालवाहू जहाजाच्या नाळेवर एक लोखंडी मार्गिका बसवावयाची, तीवर एकच 'हरिकेन' जातीचे लढाऊ विमान ठेवावयाचे आणि शत्रूचे विमान दिसताच रॉकेटांच्या जोराने ते गोफणीतल्या धोंड्यासारखे आकाशात भिरकावावयाचे. अशी ३५ जहाजे सज्ज करण्यात आली. विमान उडे, पण परत उतरावयास त्यास जागा नसे. काम संपल्यावर वैमानिकाने विमान समुद्रार्पण करून हवाई छत्रीने पाण्यात उडी घ्यावी आणि कोणी उचलून घेईल अशी आशा बाळगावी, एवढीच सोय होती. एका चकमकीसाठी एक आख्खे विमान बुडवावयाचे, हा हिशेब कोणत्याही दिवाणखान्यात बसून केला तर वेडेपणाचा वाटेल. पण जहाजातील हजारो टन मालाची किंमत मांडली की तो चोख उतरे. १९४३ साली लहान विमानवाहू नौका मुबलक झाल्या आणि हा प्रयोग बंद पडला.

व्यापारी जहाजाने विमान वाहण्याचा दुसरा प्रकार याहून पुष्कळच गद्य, आणि म्हणूनच कोणी त्याच्या कथा लिहिल्या नाहीत. विमानाचे पंख सोडवून, धड व पंख मोठाल्या लाकडी पेट्यांत बंद करून ते इतर मालाबरोबर रवाना करावयाचे. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लढणाऱ्या सैन्यास लागणारी बहुतेक लढाऊ विमाने याच मार्गाने हिंदुस्थानात आली. १९४३ च्या अखेरीस 'स्पिटफायर' विमाने बंगालच्या आकाशात प्रथम दिसू लागली आणि तेथील जपानी वैमानिकांची मक्तेदारी संपली. १९४४ च्या मार्च-एप्रिलमध्ये इंफाळ व कोहिमा यांना जपानी फौजांचा वेढा पडला असताना तर एकेका स्पिटफायरचे मोल एकेका पलटणीएवढे होते. 'फोर्ट स्टिकिन'वर अशी १२ स्पिटफायर विमाने पेट्यांत भरून चढविण्यात आली होती.

हे जहाज मूळचे कानडाचे. म्हणजे ब्रिटिश कोलंबियातील प्रिन्स रूपर्ट या बंदरात १९४२ साली बांधलेले. पाणबुड्या जितक्या वेगाने जहाजे बुडवीत होत्या त्याहून अधिक वेगाने ती बांधून काढण्याच्या चढाओढीत कानडातील कारखान्यांनी एकाच नकाशाबरहुकूम जी शेकडो जहाजे पाण्यात लोटली, त्यांतील इंग्रजांच्या वाट्यास आलेल्या पुष्कळांना केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी पूर्वी उभारलेल्या गढ्यांची नावे देण्यात आली. अलास्काच्या किनाऱ्यावरील अशाच एका विस्मृत गढीचे नाव या जहाजास मिळाले. ७,१४२ टनांचे, कोळशावर चालणारे, वेगाने मंद, रूपाने सामान्य असे हे गलबत उधार-उसनवारीच्या कराराखाली अमेरिकेकडून इंग्रजांकडे आले. त्याचा कप्तान अलेक्झांडर जेम्स नेस्मिथ.

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी लिव्हरपूलसमोरील बर्कनहेड बंदरातून ते निघाले. विमानांच्या पेट्यांखेरीज त्याच्या पोटात १,३९५ टन स्फोटक माल होता: तोफांचे गोळे, पाणतीर, सुरुंग, काडतुसे, आणि त्यांपैकी २३८ टन तर अव्वल दर्जाची, म्हणजे धक्क्यास व उष्णतेस तत्काळ दाद देणारी स्फोटके होती. शिवाय ३१ पेट्यांत मिळून सोन्याच्या १२४ लगडी. किंमत सुमारे ८,९०,००० पौंड. युद्धखर्चाच्या ओझ्याखाली येथील रुपयाची पत ढासळत चालली होती, तिला टेकू देण्यासाठी हे सोने येत होते. जिब्राल्टर, भूमध्य समुद्र, पोर्ट सैद, सुएझचा कालवा असा मार्ग आक्रमीत, पाणबुड्या व विमाने यांच्या टापूतून, जहाज मार्चच्या अखेरीस कराचीस सुखरूप पोचले. दारूगोळ्याने भरलेल्या जहाजावर बाँब पडला तर पाण्यात उडी मारण्याइतकीही उसंत मिळत नाही हे प्रत्येक खलाशास ठाऊक असते. तेव्हा कराचीचा किनारा दिसला त्या वेळी त्या खलाशांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तर त्यात नवल नाही. संकट संपले होते, असे निदान वाटण्याजोगी परिस्थिती होती.

विमानांच्या पेट्या कराचीस उतरल्या. तेथील ड्रिग रोडच्या तळावर विमाने जुळविण्याचा मोठा कारखाना होता, आणि पुढे त्या विमानांनी आपले काम केले. पण जहाज व्यापारी असो की लष्करी, युद्धकाळात त्याचा रिकामा कोपरा हा गुन्हा समजला जाई. स्पिटफायर उतरल्याने जी जागा मोकळी झाली ती भरून काढण्याचा हुकूम सुटला, आणि तीत जे चढविण्यात आले ते पाहून नेस्मिथने रीतसर हरकत घेतली. कापसाच्या गाठी, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, गंधक, राळ, भंगार लोखंड, तांदूळ, मासळीचे खत. जे जळू शकते आणि जे फुटू शकते ते बहुतेक सगळेच आपल्या जहाजावर आहे, अशा अर्थाची त्याची तक्रार होती. हरकत दप्तरी दाखल झाली, माल चढला.

इतक्या धोक्याच्या जहाजावर कापूस का चढवावा, याचे उत्तर आगगाडीत आहे. पूर्वेकडील आघाडीस माणसे व सामग्री पोचविण्यात रेल्वेचे डबे इतके गुंतले होते, की सिंध व पंजाबचा कापूस रेल्वेने मुंबईस आणण्यास मनाई होती. आणि इकडे परळ, लालबाग, शिवडी, चिंचपोकळी येथील गिरण्या तर रात्रपाळ्या लावून पलटणींसाठी कापड विणीत होत्या. त्यांना कापूस हवा होता, व्यापाऱ्यांना भाव हवा होता, आणि कराचीहून मुंबईस येणारे जे जहाज मिळेल ते पत्करणे क्रमप्राप्त होते. म्हणजे ज्या वस्तूने अखेर आग लावली ती शत्रूच्या शस्त्रागारातून आली नव्हती. ती गिरणगावच्या रोजच्या व्यवहारातली, शिवडीच्या कॉटन ग्रीनच्या वखारींतून थरांवर थर रचलेली, आपल्या घरचीच वस्तू होती. या कापसाच्या गाठींची संख्या पुष्कळ ठिकाणी ८७,००० अशी छापलेली आढळते. पण सुमारे ४०० पौंडांची एक गाठ धरली तर एवढा भार या जहाजास पेलणार नाही, आणि एक शून्य गाळून ८,७०० हाच आकडा घ्यावा हे कोणत्याही वखारीचा मेहताजी सांगेल.

कापसाची आग कशी असते, हे लालबागच्या जुन्या गिरणी कामगारास विचारावे. ती भडकत नाही; ती धुमसते. गाठी फोडण्याच्या ब्लोरूममध्ये एखादी ठिणगी गाठीत शिरली की वरून गाठ गार, आणि आत बोटभर खोल निखारा. पाणी मारले तर वरचा थर भिजून उलट झाकणासारखा बसतो आणि आतला विस्तव आपली वाट शोधीत पुढे सरकत राहतो. गिरणीतला शहाणा मुकादम अशी गाठ प्रथम उचलून मैदानात नेतो व मग फोडतो. 'फोर्ट स्टिकिन'वर कापूस मैदानात नव्हता. क्रमांक २ च्या खणात तो तळाशी होता, आणि त्याच्या डोक्यावर, मधल्या मजल्यावर, स्फोटकांच्या राशी होत्या.

१२ एप्रिल रोजी जहाज मुंबईस आले आणि व्हिक्टोरिया गोदीत धक्क्यास लागले. शांततेच्या काळचा या बंदराचा शिरस्ता असा, की दारूगोळ्याचे जहाज गोदीत घ्यावयाचे नाही. त्याने बाहेर खाडीत नांगर टाकावा, मास्तुलावर तांबडे निशाण चढवावे, आणि पडावांतून थोडा थोडा माल उतरवावा. युद्धामुळे हा शिरस्ता शिथिल करण्यात आला होता. खाडीत माल उतरविण्यास दिवस लागत, गोदीत तो लवकर उतरे; आणि तांबडे निशाण म्हणजे शत्रूच्या हेरास व विमानास दिलेले आमंत्रण, अशी समजूत असल्याने तेही चढविण्यात येत नसे. दोन्ही कारणे स्वतंत्रपणे पाहिली तर समंजस आहेत. परंतु त्यांचा परिणाम असा झाला, की शहराच्या दाट वस्तीस, मांडवीच्या व दाणाबंदरच्या वखारींस लागून, इतर जहाजांच्या गर्दीत १,३९५ टन दारूगोळा येऊन उभा राहिला, आणि शेजारच्या जहाजावरील खलाशांस त्याची वार्ताही नव्हती. शिवाय ज्या त्वरेसाठी नियम मोडला ती त्वराही झाली नाही. स्फोटके ज्या पडावांत उतरवावयाची ते वेळेवर मिळाले नाहीत; दोन दिवस, म्हणजे ४८ तास, माल जवळजवळ जागच्या जागी होता.

शुक्रवारी दुपारी, गोदी कामगार जेवणाच्या सुटीवरून परतत असता, क्रमांक २ च्या खणातून धूर निघत असल्याचे दिसून आले. शेजारच्या जहाजांवरील काहींनी तो त्याही आधी पाहिला होता, पण कोणाच्या जहाजातून काय निघते याची उठाठेव गोदीत कोणी करीत नाही. सव्वादोनच्या सुमारास बंबखान्यास वर्दी गेली, बंब आले, नळ्या लागल्या आणि खणात पाण्याचा मारा सुरू झाला. धूर इतका दाट, की आत उतरून विस्तवाचे मूळ शोधणे अशक्य. पाणी आत जात होते, उकळत होते, आणि वाफ होऊन वर येत होते. जहाजाच्या बाहेरील पत्र्यावरचा रंग फोडांनी उलू लागला तेव्हा आग नेमकी कोठे आहे याचा अंदाज आला, पण तोवर फार उशीर झाला होता. एकंदर ९०० टनांहून अधिक पाणी त्या खणात ओतण्यात आले. या पाण्याने विझविण्याऐवजी विपरीतच केले असे मानण्यास जागा आहे: कापसाच्या गाठी पाण्यावर तरंगतात, आणि खालून पाणी चढू लागले तसतशा त्या जळत्या गाठी वरच्या मजल्यावरील स्फोटकांकडे उचलल्या गेल्या.

आता या दीड-दोन तासांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथे आहे. जहाजावर त्या वेळी अधिकारी पुरुषांची वाण नव्हती. कप्तान नेस्मिथ होता. बंबखान्याचा प्रमुख नॉर्मन कूम्ब्स जातीने हजर होता. लष्कराच्या दारूगोळा खात्याचा अधिकारी कॅप्टन ओबर्स्ट याने मालाची यादी पाहून ठेवली होती, आणि हे जहाज फुटले तर अख्खी गोदी उडेल, तेव्हा ते येथल्या येथे बुडवावे, असा त्याचा सल्ला होता. गोदीचा व्यवस्थापक कर्नल सॅडलर याच्या मते जहाज ओढून बाहेर समुद्रात न्यावे. बंबवाल्यांचा विश्वास पाण्यावर. बुडवावे म्हणावे, तर गोदीत पाणी इतके उथळ की जहाज तळास टेकूनही वरचा भाग कोरडाच राहणार. बाहेर न्यावे म्हणावे, तर वाटेत फुटले तर कोण जबाबदार. नुसते पाणी मारावे, तर ते चाललेच होते. प्रत्येक सल्ल्यास बिनतोड हरकत होती, आणि ती हरकत बाजूस सारून 'असे करा' म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाचा हे कोणासच ठाऊक नव्हते. कप्तानाची सत्ता त्याच्या जहाजापुरती, बंदराची धक्क्यापुरती, लष्कराची मालापुरती आणि बंबवाल्यांची आगीपुरती. जहाज, धक्का, माल आणि आग ही चारही मात्र एकच वस्तू झाली होती. आपल्याकडील पुढच्या लेखकांनी या गृहस्थांपैकी एखाद्यास दोषी धरण्याचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. मला त्यांपैकी कोणीही भ्याड किंवा मूर्ख दिसत नाही. पैकी सॅडलर व नेस्मिथ त्याच दिवशी मेले.

३ वाजून ५० मिनिटांनी खणातून ज्वाळा उसळल्या आणि नेस्मिथने आपल्या खलाशांना जहाज सोडण्याचा हुकूम दिला. बंबवाले मात्र धक्क्यावरून पाणी मारीतच राहिले. १६ मिनिटांनी, ४ वाजून ६ मिनिटांनी, क्रमांक २ चा खण फुटला.

जहाज मध्यावर दुभंगले. गोदीतले पाणी एखाद्या भिंतीसारखे उठले आणि त्या लाटेने सिंदिया कंपनीचे 'जलपद्मा' नावाचे, सुमारे ४,००० टनांचे जहाज उचलून त्याचा मागचा भाग धक्क्यावरील मालगोदामावर नेऊन ठेवला. धक्क्यावरचे बंब व बंबवाले एका क्षणात नाहीसे झाले. कुलाब्याच्या वेधशाळेतील भूकंपमापक यंत्राची सुई हलली, आणि सुमारे १,४०० किलोमीटरांवरील सिमल्याच्या यंत्रानेही तो कंप टिपला. वाचलेले लोक सावरून जखमींना उचलू लागले होते, तोच ४ वाजून ३४ मिनिटांनी जहाजाच्या मागील भागातील दारूगोळा पेटून दुसरा स्फोट झाला, व त्याने पहिल्यात जे राहिले होते ते नेले.

गिरगावच्या चाळींत त्या वेळी चहाची आधणे चढली होती. खिडक्यांची तावदाने खळाखळा फुटली, भिंतीवरची घड्याळे खाली आली. परळ-लालबागेत गिरण्यांच्या छपरांचे पत्रे थरथरले. दादरपर्यंत, आणि त्याही पलीकडे, जमीन हलल्याचे लोकांनी अनुभवले. जपान्यांनी हल्ला केला, हाच तर्क सर्वप्रथम सर्वांच्या मनात आला, आणि त्यात आश्चर्य ते काय? रंगून पडल्यापासून दोन वर्षे मुंबईने दिव्यांवर काळे कागद लावून जपानी विमानांची वाट पाहिली होती. त्या भयाने कित्येक कुटुंबांनी बोचकी बांधून बोरीबंदर गाठले. आकाशातून मात्र विमान आले नाही. आला तो पेटलेला कापूस. स्फोटाने उंच उडालेल्या गाठी फुटून, जळते पिंजार वाऱ्यावर तरंगत, मांडवीच्या, मसजीद बंदरच्या, डोंगरीच्या छपरांवर संथपणे उतरू लागले, आणि जेथे उतरले तेथे नवी आग लागली. पत्रे, तुळया, जहाजांच्या लोखंडाचे तुकडे यांच्या वर्षावात माणसे रस्त्यात मेली. गोदीपासून मैलभर अंतरावर राहणाऱ्या एका पारशी सद्गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून २८ पौंड वजनाची सोन्याची लगड आत पडली. त्याने ती सरकारात जमा केली.

आग आटोक्यात येण्यास तीन दिवस लागले. अग्निदलाबरोबर लष्कराचे व आरमाराचे लोक, गोदी कामगार आणि शहरातले स्वयंसेवक खपले. पुढे आगीची वाट तोडण्यासाठी काही इमारती मुद्दाम सुरुंग लावून पाडाव्या लागल्या. सेंट जॉर्ज, जी. टी. आणि जे. जे. रुग्णालयांच्या पडव्या जखमींनी भरून गेल्या. व्हिक्टोरिया व शेजारची प्रिन्सेस गोदी मिळून १३ जहाजे कायमची गेली, आणखी कित्येक निकामी झाली. वखारींतील ५०,००० टनांहून अधिक धान्य जळाले. मागल्याच वर्षी बंगाल उपाशी मेला होता, मुंबईत १९४३ च्या मे महिन्यापासून शिधावाटप सुरू होते. त्यामुळे या जळालेल्या तांदळाचा वास ज्यांच्या नाकात शिरला, त्यांना पुढच्या काही महिन्यांतील काळ्या बाजाराची चाहूल तेव्हाच लागली असावी. सुमारे ६,००० पेढ्या व दुकाने या आगीत सापडली आणि अदमासे ५०,००० लोकांची रोजी बुडाली. त्यांतील बहुसंख्य घाटावरून व कोकणातून आलेले हमाल, पाठीवरच्या पोत्यावर ज्यांचे पोट, असे. त्यांची नावनिशी कोणत्याही वहीत पुरती नव्हती, म्हणून मृतांच्या संख्येतही ते पुरते आले नाहीत. सरकारी हिशेबाने मृत ७४०, जखमी सुमारे १,८००. इतर अंदाज १,३०० पर्यंत जातात. अग्निदलाचे ६६ लोक कामावर असताना मृत्यू पावले.

शहराने जे डोळ्यांनी पाहिले ते शहराच्या वर्तमानपत्रांना मात्र सविस्तर छापता आले नाही. युद्धकालीन नियंत्रणामुळे हकीगत दाबून धरण्यात आली. गमतीची, किंवा खेदाची म्हणा, गोष्ट अशी, की जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी या स्फोटाचा तपशील जगास ऐकविला, आणि आपल्याच गोदीत काय झाले हे कळण्यासाठी मुंबईकरांना शत्रूचे रेडिओकेंद्र चोरून लावावे लागले. बातमीदारांना मोकळीक मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. सुधीश घटक या छायाचित्रकाराने घेतलेली चित्रफीतही लष्कराने ताब्यात घेतली होती. तिचे काही भाग पुढे बातमीपटांतून दाखविण्यात आले.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. घातपाताची शंका बाजूस सारून त्याने हा अपघात ठरविला. कोणाच्या तरी विडी-सिगारेटीचे थोटूक कापसात पडले असावे, हा सर्वांत संभवनीय तर्क. थोटकाचा धनी सापडणे शक्यच नव्हते, आणि माझ्या दृष्टीने तो सापडूनही फारसा उपयोग नव्हता. कापसाच्या ढिगाजवळ विडी ओढणारा माणूस जगातील प्रत्येक बंदरात असतो. दारूगोळ्याखाली कापूस रचणारा अंमलदार मात्र क्वचितच असतो. नुकसानभरपाईच्या बाबतीत सरकारने हात आखडता घेतला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. विम्याच्या कंपन्या स्फोट हा युद्धाचा परिणाम की आगीचा, या वादात शिरण्यापूर्वीच १९४४ साली खास वटहुकूम काढून सरकारने मालमत्तेच्या दाव्यांची जबाबदारी अंगावर घेतली. अर्थात ज्याच्याजवळ दाखविण्यास मालमत्ता होती त्याचा दावा उभा राहिला.

मग साफसफाईचे काम. ८,००० माणसे सात महिने राबली. सुमारे पाच लाख टन राडारोडा उपसण्यात आला, बुडालेली जहाजे कापून बाहेर काढण्यात आली, गोदीचे दरवाजे नव्याने बसविण्यात आले आणि त्या वर्षाच्या अखेरीस धक्क्यांस पुन्हा जहाजे लागू लागली. सोन्याच्या लगडी चिखलातून एकेक करून निघाल्या. बहुतेक मिळाल्या, आणि उरलेल्यांपैकी काही पुढील कित्येक दशके गाळ उपसणाऱ्या यंत्रांच्या तोंडी येत राहिल्या. अगदी २०११ सालीही दोन लगडी व एक जिवंत तोफगोळा वर आल्याची नोंद आहे.

१४ एप्रिल या तारखेस मुंबईत दुहेरी ओघ असतो. डॉ. आंबेडकरांची जयंती असल्याने दादर, परळ, नायगावच्या चाळींतून निळ्या निशाणांच्या मिरवणुका निघतात, शहरास सुटी असते; आणि त्याच सकाळी भायखळ्याच्या बंबखान्यात खाकी गणवेशातील माणसे १९४४ च्या ६६ सहकाऱ्यांच्या स्मारकापुढे उभी राहून मानवंदना देतात. देशभरचा अग्निशमन सप्ताह या दिवशी सुरू होतो. तेथून काही अंतरावर असलेली व्हिक्टोरिया गोदी मात्र आता पाहावयास मिळणार नाही. कंटेनरांचा तळ करण्यासाठी प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या अलीकडे भराव घालून बुजविण्यात आल्या. 'फोर्ट स्टिकिन' जेथे धक्क्यास लागले होते, तेथे पाणी होते असे सांगूनही आज कोणास खरे वाटू नये, इतकी ती जमीन सपाट आहे.